अब्बांचं पोट

कागद

माझ्या पोटाबद्दलचा कागद हातात आला तेव्हा मी तो दवाखान्याच्या पायरीवर उभं राहून तीनदा वाचला आणि तीनदा मला वेगळंच कळलं. पहिल्यांदा वाटलं, सुटलो. दुसऱ्यांदा वाटलं, संपलो. तिसऱ्यांदा वाटलं, हा कागद दुसऱ्याच कुणाचा तरी आहे. पण नाव माझंच होतं आणि वयही माझंच, अठ्ठेचाळीस.

असा कागद ज्यांच्या हातात येईल त्यांच्यासाठी हे लिहितो आहे. मी डॉक्टर नाही. सांगलीत विश्रामबागेत माझं गाद्यांचं दुकान आहे. आम्ही पिंजारी, कापूस पिंजून गाद्या भरायचा धंदा पिढीजात. या आजारातलं मला आजही अर्धंच समजतं. पण ज्यांना सगळं समजतं ते आपल्याला कळेल असं बोलत नाहीत, म्हणून म्हटलं अर्ध्याचं अर्धं तरी कामाला येईल.

पित्त

अब्बा शिराळ्याचे. तरुणपणी खांद्यावर धनुकली टाकून गावोगाव कापूस पिंजत हिंडायचे. पुढं त्यांनी शिराळ्यात दुकान टाकलं. अब्बा होते तोवर मीही तिथंच होतो, आता ते दुकान माझे थोरले भाऊ बघतात. मी त्यांना भाईजान म्हणतो. अम्मी त्यांच्याकडंच असते.

अब्बा अकरा वर्षांपूर्वी पोटानं गेले. पोटात गाठ आहे हे शेवटच्या दीड महिन्यात कळलं. त्याआधी घरात एकच शब्द होता, पित्त. आमच्याकडं पित्ताला आजार म्हणतच नाहीत, ते घरचं पाहुणं असतं. येतं, चार दिवस राहतं, आपण सोडा पाजतो, जातं. मलाही तेच व्हायचं. छातीखाली जळजळ, दोन घासांत पोट गच्च. दुकानाच्या कपाटात सुईदोऱ्याशेजारी माझी सोड्याची पुडी कायम असायची.

माझी बायको जरीना हे चार वर्षं बघत होती. एका सकाळी तिनं पुडी उचलली आणि गटारीत टाकली. म्हणाली, "आवं, अब्बांचंबी असंच चाललं हुतं. मी धाकटी सून, मला बोलता आलं न्हाई. आता बोलतीय." मी चिडलो, कारण ती खरं बोलत होती. दुसऱ्या दिवशी गेलो.

दुर्बीण

घशातून नळी घालून पोट आतून बघतात, त्याला आपल्याकडं दुर्बिणीची तपासणी म्हणतात. आदल्या दिवशी फोनवर सांगितलं होतं, उपाशीच यायचं, पाणीसुद्धा नाही. दारात सिस्टरनं पुन्हा विचारलं, "उपाशी आलाय ना?" मी म्हटलं, उपाशी राहण्यात आम्हाला कुणी शिकवायला नको. ती हसली. मला मात्र हसू आलं नाही.

घशात कडू फवारा मारला. घसा आपला राहिला नाही. डाव्या कुशीवर झोपवलं, दातांत एक कडी दिली. नळी आत गेली तेव्हा पुढची पाच-सात मिनिटं मी कोण, कुठला, मला काही आठवत नव्हतं. डोळ्यांतून, नाकातून पाणी. मला एकच गोष्ट लक्षात आहे, त्या सिस्टरचा हात माझ्या कपाळावर होता आणि ती म्हणत होती, "लांब श्वास घ्या काका, झालंच बघा." झालं नव्हतं. पण तिनं तो हात शेवटपर्यंत उचलला नाही. तुमच्यावर ही वेळ आली तर घाबरा, घाबरायला हरकत नाही. त्या खोलीत सगळेच घाबरतात.

आतून चार-पाच बारीक तुकडे काढून तपासायला पाठवले. आठ दिवसांनी तो कागद.

आहे की नाही

डॉक्टर मध्यमवयीन, शांत बोलणारे. त्यांनी सांगितलं ते असं. पोटात एक जंतू आहे. बहुधा लहानपणीच, घरातल्या घरात लागलेला असणार. त्यानं वर्षानुवर्षं पोटाला सूज ठेवली. त्यामुळं पोटाच्या अस्तरात काही ठिकाणी बदल झालेत.

"म्हणजे कॅन्सर?" मी विचारलं.

"नाही."

"मग काही नाही?"

"तसंही नाही. कॅन्सरकडे जाणारा एक जिना असतो, त्याच्या मधल्या पायरीवर तुम्ही आहात. बहुतेक लोक तिथंच थांबतात. थोडे पुढे जातात."

"मी कुठला?"

"ते आज मी सांगू शकत नाही," ते म्हणाले. "वडिलांना होता, म्हणून तुम्हाला जास्त जपायचं. आणि तुमच्या भावंडांनीही तपासून घ्यायला हवं."

घरी आलो. जरीना दारातच. "कॅन्सर हाय का न्हाई?"

"न्हाई."

"मग त्वांड असं का?"

"व्हऊ शकतोय म्हणं."

"व्हायला काय, उद्या छतबी पडू शकतंय," ती म्हणाली आणि आत जाऊन भांडी घासायला लागली. घासलेलीच भांडी होती. तिला राग आला की रडू आलं, मला कळलं नाही. मला त्या दिवसांत माझंच कळत नव्हतं. ग्राहक विचारायचा, गादी किती जाडीची करताय, आणि मी त्याच्याकडं बघत राहायचो.

टाके

आमची मुलगी सानिया जीवाणूशास्त्र शिकते. ती दुकानात आली, तेव्हा मी लग्नाच्या गादीला टाके घालत होतो. म्हटलं, तू सांग बाई, हा जंतू करतो काय? आणि पुस्तकातलं नको, मला कळेल असं सांग.

ती गादीवर बसली. म्हणाली, "अब्बू, पोटातल्या आम्लात काही जगत नाही, हा जगतो. अस्तराला चिकटून बसतो. याच्या काही जातींकडे सुईसारखा एक भाग असतो. त्यातून तो पेशीच्या आत एक प्रथिन टोचतो. मग पेशीला खोटे निरोप मिळायला लागतात. वाढ म्हणतात, ती वाढते. शेजारणीला धरून राहायचं, ते ती सोडते."

"म्हणजे टाके सैल होतात."

ती माझ्या हातातल्या दाभणाकडं बघत राहिली. "हो. तसंच. आणि वर सूज असतेच. जुन्या पेशी मरतात, नव्या घाईघाईनं तयार होतात. घाईत नक्कल करताना चुका राहतात. त्या चुका साठत जातात."

गादीचे टाके सैल झाले की काय होतं ते मला कुणी सांगायला नको. कापूस आपली जागा सोडतो, एका कोपऱ्यात जमतो, गोळा होतो. वरून खोळ चांगलीच दिसते. झोपणाऱ्यालाच टोचतं.

"आणि तो बदल झालाय म्हणतात, तो काय?"

"पोटाचं अस्तर काही ठिकाणी आतड्यासारखं झालंय."

"म्हणजे माझ्या पोटाला वाटतंय आपण आतडं हाय?"

"साधारण तसंच."

म्हटलं, चला, घरात मी एकटाच गोंधळलेलो नाही. ती हसली. मी विचारलं, आपल्या घरातल्या जंतूकडं ती सुई आहे का? तिला माहीत नव्हतं. जंतू मेला तर टाके परत बसतात का? म्हणाली, काही बसतात, काही नाही. हा जंतू लय लोकांच्या पोटात असतो, मग सगळ्यांना का होत नाही? तेही कुणाला नीट माहीत नाही म्हणाली. चार प्रश्न विचारले आणि चार वाढले. मग आम्ही दोघांनी मिळून ती गादी पुरी केली.

रमजान

आता माझी चूक सांगतो. ती लपवली असती तर हे लिहिण्यात अर्थ नव्हता.

जंतू मारायला चौदा दिवसांच्या गोळ्या होत्या, दिवसातून चार वेळा. आणि पाचव्या दिवशी रमजान सुरू झाला. डॉक्टरांनी विचारलं नाही, मी सांगितलं नाही. आजारी माणसाला रोजा माफ आहे, नंतर भरून काढता येतो, हे मला लहानपणापासून माहीत. मशिदीतले मौलाना दर वर्षी सांगतात. पण मी भाईजानना फोन केला आणि तिथं गणित फिरलं.

भाईजान म्हणाले, "गोळ्या घ्यायच्या तर घे रं. पर अब्बांनी शेवटच्या सालीसुदिक एक रोजा सोडला न्हाई. त्यांच्या पोटात तर गाठ हुती. तुझ्या नुसता किडा हाय."

अब्बांचा तो शेवटचा रमजान आमच्या घराण्याचं भूषण आहे. नातेवाइकांत कुणाचंही लग्न असो, ती गोष्ट निघतेच. मीही ती अभिमानानं सांगत आलोय. मग मी काय केलं, चार वेळच्या गोळ्या दोन वेळांत बसवल्या. दोन वेळच्या पहाटे सहेरीला, दोन वेळच्या संध्याकाळी रोजा सोडताना. एकदम घेतल्या की मळमळायचं, तोंडात लोखंड चाखल्यासारखी चव यायची, म्हणून कधी एखादी राहूनही जायची. जरीनाला सांगितलं, डॉक्टरांनी चालेल म्हटलंय. ती माझ्याकडं बघत राहिली.

त्यातच एका सकाळी शौचाला काळं झालं. डांबरासारखं काळं. अब्बांनाही शेवटी तसंच व्हायचं, आत रक्त जात होतं म्हणून. मी संडासात भिंतीला धरून उभा राहिलो. आता कुणाला सांगू, कसं सांगू, सानियाचं लग्न व्हायचंय, असं सगळं एका दमात डोक्यात आलं. बाहेर येऊन सानियाला हाक मारली. तिनं गोळ्यांचा कागद वाचला आणि म्हणाली, "अब्बू, यातल्या एका गोळीनं काळं होतंच. इथं लिहिलंय. डॉक्टरांनी सांगितलं नव्हतं का?" सांगितलं होतं. मी तेव्हा ऐकत नव्हतो, खुर्चीच्या टाक्यांकडं बघत होतो. तरीही तिनं डॉक्टरांना फोन लावून खात्री करून घेतली. तुम्ही मात्र दवाखान्यात कुणाला तरी बरोबर न्या. आपले कान तिथं कामाचे नसतात.

फुगा

गोळ्या संपल्या. महिन्यानं श्वासाची तपासणी. एक औषध पाजतात आणि पिशवीत फुंकर मारायला लावतात, पोरं फुगा फुगवतात तशी. त्याआधी दोन आठवडे आम्ल कमी करायची गोळी बंद ठेवायची, नाहीतर तपासणी फसते. तेवढं मी नीट पाळलं.

जंतू तिथंच होता.

डॉक्टर कागद बघत म्हणाले, "गोळ्या सगळ्या घेतल्या होत्या?" मी हो म्हणणार होतो. शेजारी जरीना बसली होती. ती म्हणाली, "रमजान हुता, साहेब." बस, तेवढंच.

मला वाटलं, आता बोलणी खावी लागणार. डॉक्टरांनी चष्मा काढला. म्हणाले, "मी विचारायला हवं होतं. तारीख माझ्यासमोर भिंतीवर होती." मग थोड्या वेळानं म्हणाले, "आता गोळ्या बदलाव्या लागतील. अर्धवट मारलेला जंतू शहाणा होतो." माझा आजवर कुठल्या मोठ्या माणसानं असा अर्धा दोष वाटून घेतला नव्हता. त्या दिवशी मी पहिल्यांदा रडलो, तेही रिक्षात.

अम्मी

अम्मी त्या महिन्यात आमच्याकडं राहायला आली होती. सत्तरीच्या पुढची, पण दोरा अजून तीच सुईत ओवते. तिला सगळं सांगितलं, रोज्याचंही. मला वाटलं, ती अब्बांचं उदाहरण देईल. ती कितीतरी वेळ खोळीच्या कापडाची घडी घालत बसली.

मग म्हणाली, "तुझ्या अब्बांस्नी खाववतच न्हवतं रं. दोन महिनं आधीपासनं. घास खाली उतरत न्हवता. पोरास्नी कळू दिऊ नगं म्हणले. मग रमजान आला. रोजा झाकायला बरा पडला त्यास्नी."

मी म्हटलं, "आणि संध्याकाळी?"

"संध्याकाळी खजूर हातात धरायचं आन् बोलत बसायचं. तुमी पोरं ताट रिकामं करायचा. ताट रिकामं दिसलं की झालं." ती घडी मोडून पुन्हा घालायला लागली. "लोक म्हणले, काय माणूस हाय. मीबी म्हणले. खोटं बोलत न्हवते मी. धरत हुतेच की रोजं."

मला हे कुठं ठेवावं कळेना. अब्बा खोटं बोलले असं म्हणवत नाही, त्यांची इबादत खोटी नव्हती. पण त्या उपवासाखाली एक दुसरंच उपाशीपण होतं, आणि आम्ही दोघं भाऊ त्याच ताटात जेवत होतो. आमच्याकडं मोठ्या ताटात सगळे मिळून जेवायची पद्धत. प्रत्येकजण आपल्या बाजूचं खातो. अब्बांची बाजू आम्ही संपवली आणि आम्हाला दिसलं नाही.

दुसऱ्या वेळच्या गोळ्या मी घड्याळ लावून घेतल्या. चौदा दिवस, एकही चुकवली नाही. जरीना समोर उभी राहून गिळायला लावायची. पुन्हा महिना थांबलो, पुन्हा फुगा. या वेळी जंतू नव्हता.

मी विचारलं, "मग सुटलो?" डॉक्टर म्हणाले, "जंतूपासून." बदललेले डाग आतमध्ये आहेतच. ठरलेल्या मुदतीनं दुर्बीण घालून बघत राहायचं. आनंद करावा की नाही हे मी जरीनाला विचारलं. ती म्हणाली, "आजच्यापुरता करा." त्या दिवशी तिनं बिर्याणी केली, मला न झेपणारं तिखट वगळून.

शिराळा

भाईजान तपासायला तयार नव्हते. चार महिने मी फोन करत होतो. "मला काय झालंय?" एवढंच उत्तर. नागपंचमीच्या आधीच्या आठवड्यात भाभीचा फोन आला. इकडचं तिकडचं बोलून झालं आणि ती कौतुकानं म्हणाली, "यांचं बघा, रमजान नसतानाबी दर सोमवार-गुरुवार रोजं धरत्यात. दोन महिनं झालं. वजनबी कसं उतरलंय, अगदी तरणं दिसाया लागलं."

मी फोन ठेवला आणि दुकानाचं शटर ओढलं.

सोमवार होता. शिराळ्यात पोचलो तेव्हा सूर्य मावळतीला आला होता. अम्मी केव्हाच परत आली होती, ती जोत्यावर बसली होती. भाईजानांचा सदरा खांद्यावरून ओघळत होता. त्यांनी मला बघितलं. अजान झाली. त्यांनी खजूर हातात घेतला, जरासा चावला. भाभीनं मोठं ताट मांडलं, भात, वरून कालवण. आम्ही समोरासमोर बसलो.

मी त्यांच्याशी दुकानाचं बोलत राहिलो. फोमच्या गाद्या आल्यापासून कापसाला कुणी विचारत नाही, वगैरे. तेही बोलत राहिले, माझ्यापेक्षा जास्त. बोट भातात फिरत होतं. मी माझ्या बाजूचं जेवत गेलो. माझ्या बाजूला ताटाचं पितळ दिसायला लागलं. त्यांच्या बाजूचा भात होता तसाच होता.

मी खायचा थांबलो. हात ताटात तसाच ठेवला. म्हटलं, "भाईजान, आज तुमची बाजू मी खाणार न्हाई."

ते ताटाकडं बघत राहिले. भाभीला काही कळलं नाही, ती पाणी आणायला उठली. भाईजानांच्या कपाळावर घाम होता. मी माझा थोरला भाऊ कधी घाबरलेला बघितला नव्हता. लहानपणी आमच्या गल्लीत नाग निघाला तरी हा पुढं असायचा.

"घास हितं आडतोय," त्यांनी छातीखाली बोट ठेवलं. "दोन-अडीच महिनं झालं. पित्त असंल म्हणलं."

"असंलबी," मी म्हटलं. आणि ते खरंच होतं, मला माहीत नव्हतं. मला आजही माहीत नाही.

 मग ते खालच्या आवाजात म्हणाले, "तुझ्या त्या डाक्टरकडं उपाशीच जायाचं असतंय न्हवं?"

"व्हय. पाणीबी न्हाई."

"मग गुरवारी जाऊ. गुरवारी माझा रोजा असतुयाच."

अम्मी जोत्यावरून उठून कधी आत आली होती कुणास ठाऊक. ती दाराच्या चौकटीला धरून उभी होती. तिनं आवाज चढवला नाही.

"गुरवारी रोजा न्हाई," ती म्हणाली. "गुरवारी नुसतं उपाशी जायाचं."